बाणावलीतल्या तीन संध्याकाळी

गोव्याला जायचं ठरलं तेव्हा पहिला प्रश्न आला तो मुलांच्या खालाचा. फोनवर ती क्षणभर गप्पच राहिली. मग म्हणाली, "गोव्याला? तेही दादींना घेऊन? तिथं जाऊन शरीफ घरातली माणसं करतात तरी काय?"

दुसरा प्रश्न घरातूनच आला. आम्ही मुक्कामासाठी उत्तरेकडचं बागा किंवा कळंगुट न निवडता दक्षिणेकडचं बाणावली निवडलं, हे कळल्यावर थोरला चिडला. तो वीस वर्षांचा, इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. "बाणावलीत जाऊन करायचं काय? तिथं काहीच नाही," तो म्हणाला.

नंतर लक्षात आलं की दोघांच्या डोळ्यांसमोर एकच गोवा होता. दारू, रोषणाई आणि पहाटेपर्यंत चालणारं नाचगाणं. एकीला त्याची धास्ती वाटत होती आणि दुसऱ्याला त्याची ओढ. गोव्याची संध्याकाळ म्हणजे आणखी काही असू शकतं, हे दोघांच्याही मनात आलं नव्हतं. खरं सांगायचं तर आमच्याही मनात ते फारसं स्पष्ट नव्हतं. गर्दी नको, एवढंच आम्हाला माहीत होतं.

आम्ही माणिकपूरला राहतो. मुलांचे अब्बा चर्चगेटजवळ एका खासगी कंपनीत हिशेबाचं काम करतात. वसई रोड ते चर्चगेट हे अंतर सुमारे 52 किलोमीटर. ज्यांनी हा प्रवास केला आहे त्यांना अधिक सांगायला नको. सकाळी सातला घर सोडायचं आणि रात्री नऊ-सव्वानऊला परतायचं. सकाळी वसईला डब्यात पाय ठेवायलाही जागा नसते, म्हणून पुष्कळ लोक आधी उलटे विरारला जातात आणि तिथून बसून येतात. अब्बांनीही बरीच वर्षं तेच केलं. हिवाळ्यात मगरिबची वेळ सहाच्या सुमाराला होते. ती नमाज ते ऑफिसातल्या जिन्याजवळच्या कोपऱ्यात अदा करतात आणि मग स्टेशनकडे धावतात.

इकडे घरी पाच ते आठ शिकवण्या असतात. पाचवी ते आठवीची बारा-चौदा मुलं बाहेरच्या खोलीत सतरंजीवर बसलेली असतात. थोरला कॉलेजातून येतो तो त्या मुलांमधून वाट काढत आतल्या खोलीत जातो, आणि एकदा त्याने कानाला हेडफोन लावले की जेवायला हाक मारेपर्यंत तो आमच्यात नसतो. तेरा वर्षांची धाकटी शिकवणीच्या मुलांतच बसून आपला अभ्यास उरकते. दादींना टीव्हीचा आवाज बारीक ठेवावा लागतो. सगळे एकत्र जेवायला बसतात ते रात्री दहाला, आणि तेव्हा निम्म्यांच्या डोळ्यांवर झोप असते.

म्हणजे आमच्या घरात सकाळ होती, रात्र होती, पण मधली संध्याकाळ कधी निघून गेली ते कळलंच नव्हतं. बारापर्यंत जागण्यासाठी आम्हाला गोव्याला जाण्याची गरज नव्हती. ते आम्ही रोजच करत होतो, आपापल्या फोनमध्ये डोकं घालून.

दादींचं माहेर दापोली तालुक्यातलं. त्या नेहमी सांगतात की त्यांच्या लहानपणी दिवेलागणीला कुणाचं मूल बाहेर दिसलं तर शेजारणीसुद्धा रागावून घरी पिटाळत. पुरुष मशिदीतून परतले की सगळे पडवीत बसायचे. कंदील एकच असायचा, त्यामुळे सगळ्यांना एकाच ठिकाणी बसावं लागायचं. आमच्या घरात आता प्रत्येक खोलीत दिवा आहे.

ऑगस्ट 2024 मध्ये वांद्रे ते मडगाव अशी नवी गाडी वसईमार्गे सुरू झाली आणि दादींना घेऊन दादर किंवा पनवेलपर्यंत जायचा त्रास वाचला. नोव्हेंबरची सहा तारीख, बुधवार. दिवाळीची सुट्टी चालू होती. सकाळी वसई रोडला बसलो. भिवंडी, पनवेल, रोहा, चिपळूण, रत्नागिरी करत रात्री दहाच्या पुढे मडगावला उतरलो. चिपळूणच्या आसपास दादी खिडकीला चिकटून बसल्या होत्या. त्यांचं गाव त्या वाटेवर नाही, पण डोंगर आणि माती तीच, असं म्हणाल्या.

बाणावलीत आम्ही एका ख्रिश्चन कुटुंबाच्या घरातल्या दोन खोल्या घेतल्या होत्या. घरमालकीण साठीच्या पुढच्या. आम्ही सगळेच त्यांना आंटी म्हणू लागलो. माणिकपूरला आमच्या चारी बाजूंना ख्रिश्चन शेजार आहे. चर्चची घंटा आणि नाताळचे कंदील आमच्या मुलांना नवे नाहीत. वसई 1739 पर्यंत पोर्तुगीजांकडे होती आणि गोवा 1961 पर्यंत. त्यामुळे उतरतं कौलारू छप्पर आणि अंगणातला क्रूस पाहून धाकटी म्हणाली, "अम्मी, हे तर आपल्याकडच्यासारखंच आहे." आंटींनी स्वयंपाकघर वापरायला दिलं. आम्ही विचारायच्या आतच त्यांनी एका कपाटाकडे बोट दाखवलं. त्यातली भांडी त्यांनी पाहुण्यांसाठी वेगळी ठेवली होती. "तुमचे लोक याआधी पण आले होते. मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. जेवणाची मोठी काळजी तिथंच मिटली. मडगावच्या बाजारातून बांगडे आणि तिसऱ्या आणायच्या आणि घरी करायच्या.

पहिली संध्याकाळ गुरुवारची. असरनंतर सगळे समुद्रावर गेलो. शॅकमधून गाणी ऐकू येत होती, म्हणून किनाऱ्याने दहा-बारा मिनिटं चालत पुढे गेलो. तिथं वाळूत ओढून ठेवलेल्या होड्या होत्या आणि वाळत घातलेली जाळी. दादींसाठी आंटींची प्लॅस्टिकची खुर्ची सोबत घेतली होती. सहाच्या सुमाराला सूर्य बुडाला. थोरल्याने अजान दिली, हळू आवाजात, थोडं लाजत. चटई अंथरून मगरिब अदा केली. सलाम फिरवून वर पाहिलं तर पश्चिमेला जमादिउल अव्वलचा कोवळा चंद्र होता आणि त्याच्याखाली शुक्र. धाकटीने विचारलं, "अब्बा, हा तारा घरून का नाही दिसत?" अब्बा म्हणाले, "दिसत असेल बेटा. मी त्या वेळी गाडीत असतो."

इथे एक गोष्ट सांगावीशी वाटते. आम्ही शाफई. पोहोचण्याचा आणि निघण्याचा दिवस सोडून मुक्काम चार दिवसांहून कमी असेल तर आम्हाला कसर करता येते. म्हणून त्या तीन दिवसांत जुहर, असर आणि इशाच्या चार रकातींच्या दोन झाल्या. मगरिब मात्र प्रवासातही तीनच राहते. हे लहानपणापासून माहीत होतं, पण त्या वाळूत पहिल्यांदा जाणवलं. प्रवाशाला इतकी सवलत आहे, तरी संध्याकाळची नमाज कमी होत नाही.

हे सगळं वाचून वाटेल की पहिलीच संध्याकाळ फार सुंदर गेली. तसं नव्हतं. घरी परतलो तेव्हा सात वाजत होते. चर्चची घंटा वाजली आणि आंटी बोलता बोलता थांबल्या, उभ्या राहून त्यांनी आपली प्रार्थना म्हटली. मग आठला जेवण झालं. इशाही झाली. घड्याळात पावणेनऊ. आणि आता काय करायचं, हे आमच्यापैकी कुणालाच कळेना. एकमेकांशी बोलायला विषय सुचेना. अब्बांनी दोनदा ऑफिसची मेल पाहिली. हात नकळत वह्या तपासायला शोधत होते. थोरला भिंतीला टेकून मामेभावाने टाकलेले व्हिडिओ पाहत होता. मामेभाऊ त्याच दिवसांत मित्रांबरोबर बागाला आला होता. नऊ वाजता थोरला म्हणाला, "बघा. मी म्हटलं होतं ना, इथं काहीच नाही." कुणी उत्तर दिलं नाही, कारण त्या क्षणी त्याचं खरं होतं.

ज्या घरात संध्याकाळची सवयच मोडली आहे, तिथं मोकळी संध्याकाळ आधी अंगावर येते. गावाकडच्या माणसाला मुंबईच्या गर्दीची सवय करावी लागते, तशी आम्हाला शांततेची सवय करावी लागणार होती.

शुक्रवारी जुम्याची नमाज मडगावच्या मालभाट भागातल्या जामा मशिदीत झाली. तिथून फोंड्याला गेलो, साफा मशीद पाहायला. आदिलशाहीच्या काळात 1560 साली बांधलेली ही लहानशी मशीद. शेजारी जांभ्या दगडात बांधलेलं मोठं तळं आहे आणि तळ्याच्या भिंतींत मेहराबीच्या आकाराचे कोनाडे आहेत. असर तिथंच अदा केली. पर्यटकांची एक गाडी आली, फोटो काढले आणि पाच मिनिटांत निघून गेली. दादी तळ्याच्या काठावर बसून होत्या. म्हणाल्या, "चारशे-साडेचारशे वर्षं लोक इथं वजू करून गेले. मला अजून थोडं बसू द्या."

परतल्यावर मगरिबच्या आधी थोरल्याने विषय काढला. मामेभावाने बोलावलं आहे, आज रात्री बागाला जाऊ का? आम्ही एकमेकांकडे पाहिलं. नाही म्हणणं सोपं होतं. पण वीस वर्षांच्या मुलाला आज अडवलं तर उद्या तो न सांगता जाईल, हेही कळत होतं. अब्बा म्हणाले, "तू लहान नाहीस. हराम काय, हलाल काय, तुला माहीत आहे. दोनच गोष्टी सांगतो. प्यायलेला माणूस गाडी चालवत असेल तर त्या गाडीत बसायचं नाही. आणि परत यावंसं वाटलं तर कितीही वाजता टॅक्सी करून यायचं, पैसे मी देईन." तो गेला.

ती दुसरी संध्याकाळ आम्ही आंटींच्या बल्कांवात काढली. गोव्याच्या जुन्या घरांना पुढच्या दाराशी दोन्ही बाजूंना दगडी बैठका असतात, त्याला बल्कांव म्हणतात. आपल्या कोकणातल्या पडवीची ती बहीणच. संध्याकाळी घरातली माणसं तिथं बसतात आणि रस्त्याने जाणारा थांबून दोन शब्द बोलतो. दादी त्यांच्या कोकणीत बोलत होत्या, आंटी त्यांच्या कोंकणीत. निम्मं कळत होतं, निम्म्याला दोघी हसत होत्या. आंटी म्हणाल्या, त्यांच्या लहानपणी सातची घंटा झाली की मुलांनी घरात असायलाच हवं, मग सगळ्यांनी मिळून रोझरी. दादी म्हणाल्या, आमच्याकडे मगरिबची अजान झाली की तसंच. पैगंबर मुहम्मद (स.) यांनी तिन्हीसांजेला मुलांना घरात घ्यायला सांगितलं आहे, हे आम्हाला हदीसमधून माहीत होतं. दुसऱ्या एका धर्माच्या घरातही तीच शिस्त घंटेच्या आवाजावर चालत होती, हे ऐकून बरं वाटलं.

गोव्याच्या माणसाला आपण 'सुशेगाद' म्हणतो आणि त्याचा अर्थ आळशी असा धरतो. हा शब्द पोर्तुगीज भाषेतून आला आणि त्याचा मूळ अर्थ शांत, निवांत असा आहे. आंटी पहाटे पाचला उठत होत्या. आळस त्यांच्यात कुठेच नव्हता. फक्त दिवसाचं काम संध्याकाळपाशी संपतं, असं त्या मानत होत्या.

रात्रीच्या गोव्याबद्दल त्यांनी जे सांगितलं ते आम्ही कधी ऐकलं नव्हतं. त्यांची बहीण उत्तरेला हणजूणजवळ राहते. तिकडचे लोक रात्रीच्या संगीताने इतके बेजार झाले की प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. कायदा तर स्पष्ट आहे. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा ही रात्र धरली जाते, उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही, आणि निवासी भागात रात्रीची मर्यादा 45 डेसिबल आहे. हाच नियम आपल्या मशिदींच्या भोंग्यांना आहे, मंदिरांना आहे आणि लग्नाच्या वरातींनाही आहे. आपल्याला तो कधी कधी जाचक वाटतो. पण रात्रभर आजारी माणसाच्या उशाशी बसलेल्या घरातून पाहिलं तर तो वेगळा दिसतो. दक्षिणेला पाळोळ्यात तर या नियमातून वाट काढून हेडफोन लावून नाचायच्या पार्ट्या होऊ लागल्या, असंही आंटींनी सांगितलं. प्रत्येकाच्या कानात गाणं, बाहेर सगळं शांत. धाकटी खो खो हसली. म्हणाली, "म्हणजे भाई घरी असतो तसंच!" आम्हीही हसलो. मग हसू जरा लवकरच ओसरलं.

त्या रात्री आम्हा दोघांना झोप लागली नाही. दीड वाजता फाटकाशी टॅक्सी थांबली. तो एकटाच आला होता. अब्बांनी काही न बोलता भाडं दिलं. त्याने स्वतःहूनच सांगितलं, "मी काही घेतलं नाही." आम्ही म्हटलं, "झोप आता."

सकाळी चहा घेताना तो म्हणाला, "मजा आली. खोटं कशाला बोलू? गाणं छातीत धडधडतं तिथं. पण तासाभराने कुणाचं कुणाला ऐकूच येत नव्हतं. सगळे आपापले व्हिडिओ काढत बसले." एवढंच. त्याने तौबा केली नाही आणि आम्ही उपदेश केला नाही.

तिसरी संध्याकाळ शनिवारची, शेवटची. पुन्हा त्याच होड्यांपाशी गेलो. मगरिब झाली. आता कुणाला घाई नव्हती, सातला काय करायचं याची चिंताही नव्हती. चंद्र दोन दिवसांत मोठा झाला होता. अंधार पडत गेला तसे एकमेकांचे चेहरे दिसेनासे झाले. धाकटी दादींच्या पायाशी वाळूत रेघा ओढत होती.

थोरला म्हणाला, "अब्बा, मला दोन केट्या लागल्यात."

कुणी काही बोललं नाही. तो पुढे सांगत गेला. चौथ्या सत्रात दोन विषय राहिले. निकाल लागला त्या दिवशी तो सांगणार होता, पण अब्बा सव्वानऊला आले ते दमून आले. दुसऱ्या दिवशी शिकवणीची मुलं होती. मग रविवारी पाहुणे आले. मग महिना झाला आणि सांगणं आणखी कठीण झालं. आम्हाला त्याने सांगितलं होतं की सगळं ठीक आहे. चार महिने तो ते ओझं घेऊन हेडफोनमागे बसला होता आणि आम्ही समजत होतो की त्याला गाण्यांचं वेड आहे.

अब्बा उठले. समुद्राच्या दिशेने चालत गेले आणि पाण्याच्या कडेला उभे राहिले. इंजिनीअरिंगची फी आम्ही कर्ज काढून भरतो आहोत. ते काय विचार करत असतील, आम्हाला कळत होतं. थोरला मान खाली घालून बसला होता. दहा मिनिटं गेली असतील, पण फार लांब वाटली.

ते परत आले तेव्हा दादीच बोलल्या. "त्याला रागावू नकोस," त्या मुलाला म्हणाल्या. "तू बारावीत बसला होतास तेव्हा तुझी मार्कशीट मी दोन दिवस तांदळाच्या डब्यात लपवली होती. तुझ्या अब्बांना ती तिसऱ्या दिवशी दाखवली, संध्याकाळी, जेवण झाल्यावर, पडवीत."

लग्नाला तेवीस वर्षं झाली, तरी ही गोष्ट घरात कुणाला ठाऊक नव्हती. धाकटी म्हणाली, "अब्बा, तुम्ही नापास?" आणि अब्बा आधी गप्प राहिले, मग हसू लागले. हसता हसता त्यांनी डोळे पुसले. थोरल्याच्या शेजारी वाळूत बसून त्यांनी विचारलं, "फॉर्म भरायची मुदत कधी आहे?" मग दोघं तासभर विषय, तारखा आणि पैसे यांवर बोलत राहिले. वीस वर्षांत ते दोघं सलग तासभर बोलल्याचं आम्हाला आठवत नाही. त्या दिवशी इशाला सगळ्यांना जरा उशीर झाला.

पवित्र कुरआनमध्ये सूरह अन-नबामध्ये अल्लाहने झोपेला विसावा, रात्रीला पांघरूण आणि दिवसाला रोजीरोटीची वेळ म्हटलं आहे. इशानंतर विनाकारण गप्पा मारत बसणं पैगंबर (स.) यांना आवडत नसे, हेही आपण ऐकलेलं असतं. पण सहीह बुखारीत आणखी एक गोष्ट येते. हजरत इब्ने अब्बास (रजि.) लहान असताना आपल्या खाला, उम्मुल मोमिनीन हजरत मैमूना (रजि.) यांच्या घरी एका रात्री राहिले होते. पैगंबर (स.) घरी आले, काही वेळ घरच्यांशी बोलले आणि मग झोपले, असं ते सांगतात. इतक्या मोठ्या जबाबदाऱ्या असलेल्या माणसाच्या दिवसात घरच्यांशी बोलण्यासाठी तो थोडा वेळ होता. आम्ही ही हदीस पूर्वीही वाचली होती. तेव्हा लक्ष रात्रीच्या नमाजकडे गेलं होतं, कारण ती हदीस मुख्यतः त्यासाठीच सांगितली जाते. आता त्या थोड्या वेळाच्या बोलण्याकडे लक्ष जातं.

आम्ही रात्रीचं नाचगाणं टाळलं ते आधी हराम-हलालच्या विचाराने, आणि ते कारण आमच्यासाठी पुरेसं होतं. पण फक्त टाळून भागलं नाही. पहिल्या रात्री आम्ही सगळं टाळून बसलो होतो आणि तरीही एकमेकांपासून लांब होतो. टाळल्यानंतर जी जागा रिकामी होते तिथं माणसं बसवावी लागतात. ती लगेच बसत नाहीत. आम्हाला तिसरी संध्याकाळ लागली.

रविवारी परत आलो. सोमवारी पुन्हा तीच सातची गडबड, तीच गर्दी. लोकलची वेळ आमच्या हातात नाही आणि कर्जाचा हप्ताही चुकत नाही. तरी दोन गोष्टी बदलल्या. शुक्रवारच्या शिकवण्या बंद केल्या. काही पालक नाराज झाले, दोन मुलं सोडून गेली, महिन्याच्या मिळकतीत फरक पडला. अब्बांनी ऑफिसात विनंती केली आणि शुक्रवारी सकाळी लवकर जाऊन साडेचारला निघायची परवानगी मिळाली. रविवारी असरनंतर आम्ही सुरुचीच्या किनाऱ्यावर जातो, कधी भुईगावला. सुट्टीच्या दिवशी आपल्याकडेही राजोडी-कळंबच्या बाजूला डीजे वाजत असतात. निवडायची वेळ गोव्यातच येते असं नाही. किनाऱ्याने दहा मिनिटं पुढे चालत जावं लागतं, हे आम्हाला आता माहीत आहे. दादींची खुर्ची सोबत असते.

थोरल्याचा एक विषय त्या डिसेंबरात सुटला. दुसरा राहिला आणि पुढच्या वेळी सुटला. पण तो राहिल्याचं आम्हाला निकालाच्याच दिवशी कळलं. हेडफोन अजून आहेत. शुक्रवारी मात्र ते मेजावर असतात.

खालाही एका रविवारी आमच्याबरोबर आली होती. मगरिबनंतर बराच वेळ ती समुद्राकडे पाहत बसली आणि मग म्हणाली, "गोव्यात तुम्ही हेच केलंत?" आम्ही हो म्हटलं. ती म्हणाली, "मग पुढच्या वेळी मलाही न्या."

पुढच्या वेळी कधी जाणं होईल, अल्लाह जाणे. तोवर शुक्रवार आहे. अब्बांची गाडी भाईंदरची खाडी ओलांडते तेव्हा त्यांचा फोन येतो: चहा ठेवा. मगरिबला अजून थोडा वेळ असतो.